करड्या शर्टांचा कट

३ नोव्हेंबर, सोमवार
आजपासून रोजनिशी. कारण एकच, पुरावा. या गावात माझ्याविरुद्ध काहीतरी शिजतंय. उद्या कोणी विचारलं तर तारीखवार सांगता आलं पाहिजे.

पावसाळ्यात गावप्रमुख विचिएनचा घसा बसला. विहाराशेजारच्या मंडपातल्या खोलीत बसून रोज सकाळी गावभर खांबांवर लावलेल्या लाऊडस्पीकरवर बातम्या द्यायचं काम त्याने माझ्याकडे दिलं. म्हणाला, गुरुजी, तुमच्याशिवाय आहे कोण? बरोबरच आहे. जन्मभर शाळेत शिकवलंय. आवाज आहे, अभ्यास आहे. विचिएन पाच मिनिटांत उरकायचा. पाणी कधी येणार, कोण वारलं, कुणाची म्हैस हरवली. मी अर्धा तास घेतो. बातमीला विश्लेषण लागतं.

काल घसा बसलेला विचिएन कोंबड्यांच्या झुंजीत बेंबीच्या देठापासून ओरडत होता. नोंद केली.

५ नोव्हेंबर, बुधवार
माझं बोलणं संपलं की रोज एक माणूस मंडपाशी येऊन कौतुक करतो. एकच. आणि रोज वेगळा. परवा न्हावी, काल नूडलवाली, आज गिरणीवाला. दोघं एका दिवशी कधीच नाहीत. मनापासूनचं कौतुक असं रांगेत येतं का?

बाकीचे बाजारात भेटतात, पण माझ्या बातम्यांचा विषय काढत नाहीत. कुत्र्यांना लस कधी टोचणार ते मात्र सगळ्यांना पाठ. म्हणजे ऐकतात, कबूल करत नाहीत. जळतात, दुसरं काय.

८ नोव्हेंबर, शनिवार
आरोग्य स्वयंसेविका आल्या. त्यांचे ते करडे शर्ट. घरोघरी जाऊन रांजणात डासांच्या अळ्या झाल्यात का बघायचं, हे त्यांचं फुकटचं काम. महिन्यातून एकदा येणं ठीक. आमच्याकडे या आठवड्यात तिसऱ्यांदा.

त्यांची पुढारी बुआलोय. बॅटरी रांजणात, डोळा माझ्यावर. ब्लडप्रेशर घेतलं. मग विचारते, गुरुजी, झोप लागते ना? मन रमतं ना? अळ्यांचा आणि माझ्या मनाचा संबंध काय? माझी बायको लामाय त्यांना चिकट भात आणि भाजलेला मासा वाढत होती. सगळ्या कुजबुजल्या. मी खोकलो, पांगल्या.

लामाय हल्ली फोनमध्ये बघून हसते. म्हणते, गावाचा ग्रुप आहे, तुम्हीही घ्या की असा फोन. म्हटलं, गावाचा आवाज मी आहे, मला ग्रुप कशाला?

निश्चय: यापुढे बुआलोयच्या हातचं काही खायचं-प्यायचं नाही.

९ नोव्हेंबर, रविवार
बुआलोयकडे शहाळं प्यायलो. शहाळं बंद असतं, त्यात काही कालवता येत नाही. निश्चय कायम.

पिताना उलगडा झाला. इलेक्शन! विचिएन पुढच्या वर्षी गावप्रमुखाची खुर्ची सोडणार. रोज सकाळी माझा आवाज ऐकून गाव माझ्याकडे झुकलंय, म्हणून ही पाळत. ठीक आहे. उभाच राहतो.

११ नोव्हेंबर, मंगळवार
उमेदवारी माइकवरून जाहीर केली. मध्ये मलाच भरून आलं. थांबलो, पाणी प्यायलो, पुढे बोललो. बाहेर आलो तर हार नाही, टाळी नाही. एकटी बुआलोय, डोळे चोळत. म्हणाली, छान झालं हं गुरुजी, डेंग्यूचं अगदी पटलं.

डेंग्यूचा मी आज शब्दही काढला नव्हता. उमेदवारी दाबायचं ठरलेलं दिसतंय.

घरी लामायला विचारलं, ऐकलंस? म्हणाली, ऐकलं की. मग काय वाटलं? म्हणाली, आधी आंघोळ उरका, पाणी जाणार आहे.

घरातही पोचलेत.

१३ नोव्हेंबर, गुरुवार
प्लॅन तयार. जुन्या टेपरेकॉर्डरवर उद्याचं भाषण भरलं. विचिएनच्या घशाचा भांडाफोड, माझा जाहीरनामा, शिवाय गावच्या पाण्याच्या टाकीचा इतिहास, मुळापासून. उद्या माइकसमोर टेप लावायची आणि स्कूटरवरून गावभर फिरायचं. ऐकताना कुणाचा चेहरा कसा होतो ते स्वतः बघणार. एकेकाला पकडतो.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
टेप लावली. मागच्या दाराने निघालो.

गिरणीपाशी शांतता. नूडलच्या दुकानापाशी शांतता. कोंबडे आरवत होते, लांब कुठेतरी भात कापायचं मशीन चालू होतं. मी कुठेच नव्हतो. आमच्या घरासमोरच्या खांबाखाली थांबून वर पाहिलं. कर्ण्याची वायर तोडलेली. टोकाला चिकटपट्टी, अगदी नीट गुंडाळलेली.

मंडपाशी परत आलो. तिथला एकच कर्णा जिवंत. खाली प्लास्टिकच्या खुर्चीत बुआलोय, शेंगा सोलत. मला बघून उडालीच. अगंबाई, गुरुजी, तुम्ही इथे? मग आत कोण बोलतंय?

टेपचं सांगितलं. मग तिनेही सगळं सांगितलं. बातम्या गाव फोनवरच वाचतं. मी सुरू केलं त्याच आठवड्यात लोक विचिएनच्या दारात गेले, पहाटे पहाटे अर्धा तास हे कुणी सोसायचं? वायरी तोडायचं ठरलं. मला सांगायला विचिएन निघालाही होता. लामायने त्याला अडवलं. म्हणाली, रिटायर झाल्यापासून हा माणूस ओसरीवर भिंतीकडे तोंड करून बसायचा. आता उठतो, दाढी करतो, इस्त्रीचा शर्ट घालतो. त्यांना बोलू द्या, रोज कुणीतरी एक जण ऐका. स्वयंसेविकांनी पाळ्या लावल्या. जवळजवळ प्रत्येक घर या खुर्चीत बसून गेलंय.

मी म्हटलं, विचिएनसुद्धा? म्हणाली, तो पण बसला. झोपला, पण बसला.

वर माझा आवाज विचिएनला खोटारडा म्हणत होता. आत जाऊन बंद केला.

वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. घरी लामायशी बोललो नाही. तिने वाढलं ते जेवलो, दोनदा घेतलं, पण बोललो नाही.

१५ नोव्हेंबर, शनिवार
थंड डोक्याने विचार केला. अख्खं गाव पाळी लावून, खुर्ची टाकून मला ऐकतं. कुठल्या पुढाऱ्याच्या नशिबी हे आहे? तेव्हा चालू ठेवणार.

बुआलोयला तसं सांगितलं. तिला आनंद झाला, पण अडचण आहे म्हणाली. कापणीचे दिवस, सगळे पहाटेच शेतावर. उद्या बसायला कुणीच नाही. मी म्हटलं, लामाय? म्हणाली, लामाय म्हणते, घरी ऐकते तेवढं पुरे. मग जरा चाचरत म्हणाली, गुरुजी, ती टेप आहेच ना? उद्याच्या दिवस तुम्हीच बसाल का? तुमच्या घराची पाळी तेवढी राहिली आहे.

सामाजिक काम आहे. हो म्हटलं.

१६ नोव्हेंबर, रविवार
टेप लावली, बाहेर येऊन खुर्चीत बसलो. सुरुवात दमदार. आवाजाला खरंच वजन आहे. घशाचा भाग छान. जाहीरनाम्याचा मुद्दा एकदा ऐकूनच समजला होता, तरी परत सांगितला. मग पाण्याची टाकी आली. टाकीच्या आधीची विहीर आली. विहिरीच्या आधी गाव कुठे होतं ते आलं.

इकडेतिकडे बघितलं. कोणी नव्हतं. हळूच उठलो, खुर्ची भिंतीला लावली. आत बोलणाऱ्याला कळू नये म्हणून चपला हातात घेतल्या आणि घरी आलो.