आकांक्षासाठी नळीचा रस्सा

चांदूर रेल्वे

तीर्थस्वरूप मैनाताईस भगवंतचा साष्टांग नमस्कार. भाऊजींचे गुडघे, तुझी शुगर आणि अकोल्याचं ऊन, तिन्ही आटोक्यात असतील असं धरून चालतो. खरं तर फोनच करणार होतो, पण तो हल्ली तुमची प्रतीक्षा उचलते, 'मामा, काय करून राहिला?' विचारते, आणि मी शेवंतीवर मावा पडल्याचं सांगून ठेवून देतो.

आमची आकांक्षा बरी नाही. तिच्या हाडांतला मगज रक्त बनवेनासा झालाय. जन्माचीच खोट म्हणे, नववं लागल्यावर उघडी पडली. दर पंधरा दिवसांनी अमरावतीला नेऊन रक्त चढवतो. आता दुसऱ्या कुणाच्या मगजातल्या मूळपेशी तिला द्याव्या लागतील, नाहीतर फार दिवस नाहीत, असं डॉक्टर म्हणाले. एवढं ऐकून आपले नत्थुकाका (अर्धं ऐकून पूर्ण धावायची त्यांची जुनी सवय) थेट बोकडाच्या मगजभरल्या नळ्या घेऊन आले. आईच्या गळ्यात माळ, आपल्या घरात आजवर अंडं फुटलेलं नाही. तरी तिने गोठ्यामागे तीन विटांची चूल मांडली, नाकाला पदर लावून रस्सा शिजवला आणि वाटी घेऊन स्वतः पोरीजवळ बसली. पोरीने दोन चमचे घेतले आणि ओकली. आई म्हणाली, "देवानं पाह्यलं असन तं पाहू दे. मले पोरगी पायजे." मी हसायला गेलो, पण जमलं नाही.

मग काकांना नीट समजावलं, तर त्यांनी भावकीतली सतरा माणसं डॉक्टरांपुढे नेऊन उभी केली, निम्म्यांच्या गालात तंबाखूचा खर्रा. डॉक्टरांनी सगळ्यांना हात जोडून परत पाठवलं (माणूस सोशिक आहे). आईबाप असून माझं आणि गीतांजलीचं अर्धंच जुळलं. सख्ख्या भावंडाचं पुरतं जुळू शकतं, तेही चारात एकाचं.

बाकी क्षेम.

तुझा,
भगवंत

ता. क. दवाखान्याच्या फॉर्मवर 'इतर अपत्ये' पुढे मी 'नाही' लिहिलं. सात वर्षांपूर्वी प्रतीक्षाला तुझ्या ओटीत घातलं, तेव्हा पुन्हा कधी तोंडातून काढणार नाही असा शब्द दिला होता. तो आज मोडतो. तिचं रक्त तपासू देशील का? मामा म्हणूनच विचारतो.

आणखी एक. आकांक्षाला मूळपेशी द्यायला तू नाही म्हटलंस तरी मी रागावणार नाही, पण तपासणी मात्र कर. भावंड असतं तर त्याचंही रक्त पाहिलं असतं, हीच खोट त्याच्यातही लपलेली असू शकते, असं डॉक्टर सहज बोलून गेले. तेव्हापासून गीतांजली दोन मुलींची काळजी करते आहे. ताई, हक्क नाही सांगत, तेवढी काळजी तिला करू दे.