बाबांच्या गलबतावर चढलेलं जहाज

आईला शिरसाष्टांग नमस्कार.

मी बरा आहे, खोकलाही कमी आहे. तुझे गुडघे काय म्हणतात?

बाबांचं शिडाचं लाकडी गलबत चिरडून, न थांबता निघून गेलेलं ते इंजिनाचं जहाज गेल्या आठवड्यात आमच्याकडे तोडायला आलं. नाव बदललंय, पण रंगाखाली जुनी अक्षरं हाताला लागली.

मुकादमाला म्हटलं, "याचं पुढचं टोक, ही नाळ, मीच कापणार."

"लोखंड सगळं सारखंच की रे."

"माझ्या लेखी नाही."

आज ती नाळ गॅसनं कापून चिखलात पाडली. आई, इतकं बरं कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

त्याचा कप्तान अजून जिवंत आहे म्हणे. मी पत्ता काढतोय. धाकटीला यातलं काही सांगू नकोस, उगाच घोर लावून घेईल.

तुझाच,
थोरला