मृगाजिनाची कड

प्रिय नाना,

तुम्ही अर्धवट सोडून गेलेला खोटा मासा, तो चिलवा, पूर्ण झाला. आज सकाळी तो बेतवा नदीत पोहूनही आला. गेल्या आठवड्यात तुमचं वर्षश्राद्ध झालं, तेव्हाच सांगायचं मनात होतं. पण भटजींच्या मंत्रांमध्ये हरणाच्या केसांबद्दल बोलायला जागा सापडेना. शिवाय तेव्हा तो पाण्यात टाकला की बुडायचा!

तुमच्या सदर बाजारातल्या दुकानात घड्याळ दुरुस्तीला आणणाऱ्या एका निवृत्त लष्करी साहेबांनी तुम्हाला हा नाद लावला, असं तुमची लेक, सुधा सांगते. हलका खोटा मासा, लांब दोर, आणि छडीने तो दोर हवेत झुलवत मासा दूर पाण्यावर अलगद उतरवायचा. मासा तुम्ही घरीच बांधायचात. घड्याळं धरायच्याच छोट्या शिकंज्यात गळ आवळायचा, डोळ्याला भिंग लावायचं, आणि बेतवेच्या वरच्या पाण्यात बोटभर लांबीचे चिलवे चमकतात ना, तसा एक घडवायचा. नदीतला मोठा महाशीर त्याला फसून वर आला की त्याला क्षणभर हातात धरायचं, न्याहाळायचं आणि परत सोडून द्यायचं.

लग्नानंतर पहिल्या थंडीत तुम्ही मला नदीवर चला म्हणालात. मी गावच्या शाळेत शिकलेला, रामरक्षा म्हटल्याशिवाय चहाला हात न लावणारा. मी म्हणालो, खायचा नाही तर त्याच्या तोंडात लोखंड कशाला खुपसायचं? ज्या दिवशी टोचणार नाही, त्या दिवशी येईन. तुम्ही हसलात. "ठीक है जावईबापू, देखेंगे."

वीस-बावीस वर्षं दर थंडीत तुम्ही एकदा विचारायचात आणि मी तेच उत्तर द्यायचो. मला वाटायचं, ती आपली थट्टा आहे. तुम्ही ते उत्तर मनात जपून ठेवत होतात, हे मला कसं कळावं?

मग तुमची शेवटची दिवाळी. ती आठवली की अजून मान खाली जाते.

तुमच्या देवघरातलं मृगाजिन मी उन्हात घालायला काढलं. तुमच्या आजोबांचं आसन. तीन पिढ्यांनी त्या हरणाच्या कातड्यावर बसून जप केलेला. पाहतो तर एका कडेचे केस कात्रीने भादरलेले! कुणी केलं, हे विचारायची गरजच नव्हती. फराळाला सगळे बसले होते, सुधाच्या आत्याही कानपूरहून आलेल्या. सगळ्यांसमोर मी म्हणालो, "नाना, उद्या देवघरातली घंटा काढून गळाला बांधाल."

तुम्ही हातातली चकली ताटात ठेवलीत आणि शांतपणे म्हणालात, "अहो, माणूस मधे बसतो. कडेला आजवर कोण बसलंय?"

मला तो उद्धटपणा वाटला. मी उठून गेलो. त्या थंडीत तुम्ही मला नदीवर चला म्हणून विचारलं नाहीत. आणि थंडी सरायच्या आत तुम्हीच गेलात. नाना, एकदा तरी रागवायचं होतंत माझ्यावर!

ओरछा गेटच्या घरातली तुमची खोली सुधाने दहा महिने उघडली नाही. दोन महिन्यांपूर्वी उघडली, तेव्हा देवघरातलं मृगाजिनही तिने माझ्या हातात दिलं. आता तुम्ही बसत जा यावर, म्हणाली. टेबलावर शिकंजा होता आणि शिकंज्यात तसाच धरलेला गळ. गळाला शेपटी बांधून झालेली, बकरीच्या पांढऱ्या केसांची, त्यात सुधाच्या आईंच्या जुन्या शालूच्या जरीच्या दोन तारा. पुढचं अंग उघडंच होतं. शेजारच्या काडेपेटीत हरणाच्या केसांची चिमूट होती, ती कसरीने खाल्लेली.

मी दार लावून घ्यायला निघालो, तर सुधा म्हणाली, "अर्ध्यावर ठेवायचा का तो?"

वर्कशॉपच्या स्टोअरमध्ये फाइली सांभाळणारा माणूस मी. पण रविवारी दुपारी तुमच्या खुर्चीवर बसलो. तुम्ही बांधताना मी नको नको म्हणत किती वेळा पाहिलं होतं, हे हातांनाच ठाऊक होतं म्हणायचं. काडेपेटीतल्या काडीएवढी केसांची जुडी गळावर धरायची, दोऱ्याचे दोन सैल वेढे द्यायचे, मग दोरा हळू ओढायचा. केस पोकळ असतात, आवळले की चहूकडे उभे राहतात, कदंबाच्या फुलासारखे. रिकाम्या पेनच्या नळीने ते मागे दाबायचे आणि पुढे दुसरी जुडी. शेवटी ब्लेडने कातरून माशाचा आकार द्यायचा.

पण केस आणायचे कुठून? आसनाला कात्री लावायची म्हणजे जे तुम्हाला बोललो, तेच मी करायचं. दोन रविवार नुसता बसून राहिलो. मग एक तोड काढली, आणि ती ऐकून तुम्ही पोट धरून हसाल. मी विचार केला, केस घ्यायचेच तर जिथे जप झाला तिथले घ्यावेत, अगदी मधले. ते पवित्र. नमस्कार केला, क्षमा मागितली आणि बरोबर मधोमध कात्री चालवली.

नाना, ते केस उभेच राहिनात! तीन पिढ्यांच्या बसण्याने चपटे झालेले. दोरा ओढला की काही तुटायचे, काही गळावर आडवे पडायचे. कसाबसा एक आकार केला आणि बादलीत सोडला, तर दगडासारखा तळाला गेला.

सुधा मागे उभी होती. तिने आधी बादलीकडे पाहिलं, मग आसनाकडे. म्हणाली, "आता कडेला नानांचं टक्कल आणि मधे तुमचं. बसणार कुठे?"

तेव्हा तुमचं दिवाळीचं वाक्य उमगलं. तुम्ही उत्तर देत होतात, उद्धटपणा करत नव्हतात. बसायची जागा तुम्ही राखली होती. बिघडवली ती मी, भक्तीने!

श्राद्ध झाल्यावर माझं बांधकाम उलगडलं. तुम्ही बांधलेल्या शेपटीला हात लावला नाही. कडेचे केस घेतले, तुम्ही जिथे थांबला होतात त्याच्या पुढून. दोरा ओढला आणि ते असे फुलले की मी हातच जोडले. केस मागे दाबताना अंगठा गळाच्या टोकाशी घसरला. टोचणार म्हणून दचकून ओढला, तर रक्त नाही, ओरखडासुद्धा नाही.

वाटलं, टोक मोडलं असेल. तुमचं भिंग लावून पाहिलं. मोडलेलं नव्हतं. कानशीने घासून, मग घड्याळाच्या चाकासारखं घोटून गोल केलेलं होतं. मोहरीच्या दाण्यासारखं गुळगुळीत. तुमच्या डब्यातले बाकीचे सगळे गळ मी तपासले. ते सगळे धारदार आहेत.

मी सुधाला हाक मारली. तिने टोकावरून बोट फिरवून पाहिलं. मग म्हणाली, "टोचणार नाही त्या दिवशी येईन, असं तुम्हीच म्हणाला होतात ना?"

म्हणजे ती कड तुम्ही माझ्यासाठी भादरलीत. आणि मी तुम्हाला चारचौघांत बोललो. तुम्ही एक शब्दही का सांगितला नाहीत हो? सांगितलं असतंत तर मी तिथेच पाय धरले असते. कदाचित म्हणूनच सांगितलं नसेल.

सुधाने आपल्या पाकिटातल्या दोन बारीक काळ्या टिकल्या डोळे म्हणून चिकटवल्या. आज सकाळी चिरगाँवच्या बसने निघालो आणि बेतवेच्या पुलाशी उतरलो. तुमची छडी पाहून कंडक्टर म्हणाला, "घड़ी वाले नाना की है ना, भैया?" मी म्हणालो, हो, मी त्यांचा जावई.

पहिल्यांदा दोर माझ्याच टोपीत अडकला. दुसऱ्यांदा बाभळीत. पुढचं मोजलं नाही. केव्हातरी चिलवा खडकापलीकडच्या संथ पाण्यावर उतरला आणि उभा तरंगत राहिला, डोळे वर काढून. मी दोर जरासा खेचला. त्याखालचं पाणी फुगलं, महाशीराची सोनेरी पाठ दिसली, आणि छडी माझ्या हातात वाकली. एक श्वासभर. मग त्याने चिलवा थुंकला आणि निघून गेला. त्याला काही झालं नाही, नाना. माझ्या तोंडात मात्र रामाचं नाव होतं, आणि तुम्ही वीस-बावीस वर्षं मला काय दाखवू पाहत होतात ते मी पाहिलं होतं.

चिलव्याच्या एका बाजूचे केस उपटलेत. तरी तो तरंगतो.

आता तुम्हाला शब्द देतो. आसनाला पुन्हा कात्री लावणार नाही. मी पाडलेल्या टकलावरच बसून रोजचा जप करीन. आणि दर थंडीत एकदा तरी नदीवर जाईन, हाच चिलवा घेऊन, तरंगतोय तोवर. पुढच्या रविवारी सुधा येते म्हणाली आहे. तिला मी विचारलं, तुम्ही मला विचारायचात तसंच. तिने पहिल्याच वेळी हो म्हटलं.

तुमचा उशिरा आलेला जावईबापू,
दत्ता