हुकूम माहा होता

बाई, आज माझ्या हातून पोळी करपली आणि तुम्ही आठवलात. महाराष्ट्र नुकताच झाला होता आणि तुम्ही पुण्याहून बदली होऊन आमच्या मोताळ्याच्या शाळेत इतिहास शिकवायला आला होतात. गॅदरिंगसाठी तुम्ही नाटुकलं लिहिलंत, तेही थेट जपानचं. एक तरुण लष्करी अधिकारी भर बर्फात राजाच्या नावानं बंड करतो, म्हाताऱ्या मंत्र्यांना मारतो आणि राजाच त्याला बंडखोर ठरवतो. बंड फसतं, तेव्हा तो शिपायांना परत धाडून स्वतः मरणाला सामोरा जातो. ती भूमिका मला हवीच होती. पोस्टमनचा खाकी कोट मिळाला, बर्फासाठी घरचा कापूस मिळाला. आई म्हणाली, उधळा, पण झाडून परत आणा. अडलं ते माझ्या जिभेपाशी. ‘मला’ऐवजी येणारं ‘मले’ गेलं नाही तर अधिकाऱ्याची भूमिका दुसरीला देईन, असं तुम्ही बजावलं होतं.

तुमच्या स्वयंपाकघरात मी बसलेय. तुम्ही पोळ्या लाटताय आणि दर पोळीला माझ्याकडून ‘मला’ वदवून घेताय. माझं पुन्हा घसरतं. ‘अगं, जपानी अधिकारी मले म्हणतो का?’ तुम्ही वैतागून विचारता. मी रडकुंडीला आलेली, तोंडातून निघून जातं, ‘बाई, तो त जपानी हाय. तो मला तरी काऊन म्हणन?’ लाटणं थांबतं. गेली भूमिका, मला वाटतं. तव्यावर पोळी करपते आणि तुम्ही डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसत राहता. मग म्हणता, ‘तो चुकलाच होता गं. पण शिपायांना सोडताना खरं बोलला. तेवढं खरं तू तुझ्या भाषेत बोल.’

गॅदरिंगला कापसात उभी राहून मी म्हटलं, ‘जा बे पोराहो, घरी जा. तुमची काही चूक नाही. हुकूम माहा होता.’ पुढं बसलेल्या बायकांनी हसणं सोडून पदर तोंडाला लावले. आईनं तर शिपाई झालेल्या पोरींना खालूनच सांगितलं, ‘जा वं माय, ऐका त्याचं.’ तेवढी खूश मी पुढं क्वचितच झाले.

नंतर मीही शिक्षिका झाले, शुद्ध बोलायला शिकले, तुमच्यामुळंच. तुम्ही आता नाही, हे पत्र पेटीत टाकायचं नाहीच, तरी शुद्धलेखनासाठी दोनदा तपासलं. पण एक सांगते. मनात तुमच्याशी बोलते ते माझ्याच बोलीत, आणि तुम्ही कधी अडवत नाही. मले तुमची लय आठवण येते, बाई.