टाचणीचा बंदोबस्त

३ मार्च
आज अपमान झाला. जाहीर.
लिंका साठवायच्या साइटवर मी एक लेख ठेवला होता, ‘गाजराने चष्मा जातो’. निव्वळ लोकहितासाठी. त्याखाली ‘टाचणी’ नावाच्या कुणा इसमाची कॉमेंट: "लेख गाजरं विकणाऱ्यांनीच लिहिलाय. शेवटची ओळ वाचा. लागल्यास चष्मा लावून."
हे मला! चष्म्याचं दुकान असलेल्या माणसाला!
बायकोला सांगितलं. शिलाई मशीनवरून मान वर न करता म्हणाली, गाजराने चष्मे जायला लागले तर आपण खायचं काय? गाजरं? पुढेही काही सांगत होती, पण मी ऐकून घेतलं नाही.
शेवटची ओळ वाचली. असो. मुद्दा तो नाही.

४ मार्च
सूड घ्यायचं ठरलं. शांतपणे. राग अजिबात नाही.
त्याच्या कॉमेंटवर ‘निरुपयोगी’चं बटण दाबलं. पुन्हा दाबलं. बराच वेळ दाबलं. मग कळलं, दुसऱ्यांदा दाबलं की पहिलं मत रद्द होतं. आता माझं मत आहे की नाही, मलाच ठाऊक नाही.

७ मार्च
फीडबॅकमध्ये सविस्तर तक्रार केली. लगेच उत्तर: "आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे." मोलाचा! टाचणीचे दिवस भरले.
संध्याकाळी मेहुणा म्हणाला, भावजी, ते उत्तर मशीन पाठवतं, सगळ्यांना. मेहुणा कॉम्प्युटरमध्ये आहे. माणसांची पारख नाही.

१० मार्च
टाचणीच्या नेटवर्कमध्ये, म्हणजे साइटवर जोडलेल्या मंडळींत, ही गर्दी. माझ्या नेटवर्कमध्ये मेहुणा. संख्याबळ हवं. तेव्हा नवी खाती उघडली: ‘सत्यवचन’, ‘निःपक्ष वाचक’, ‘एक गृहिणी’. तिघांनी टाचणीला झोडपलं. ‘एक गृहिणी’ने लिहिलं, असे विद्वान चष्मेवाले दूर्मीळ. वाचून भरून आलं.

१२ मार्च
टाचणीने गृहिणीला विचारलंय, "ताई, तुम्ही, सत्यवचन आणि ते चष्मेवाले, सगळेच ‘दूर्मीळ’ लिहिता, दू दीर्घ. एकाच वर्गात होतात का?" खाली लोकांचं खिदळणं.
आता दयामाया नाही. चारही खात्यांतून त्याची एकूण एक कॉमेंट ‘आक्षेपार्ह’ म्हणून कळवली. अंगठा दुखतोय. पण समाधान आहे.

१६ मार्च
साइटने खाती बंद केली. आमची. "एकाच घरातून बनावट खाती." घरातली सगळीच बंद, म्हणजे बायकोचंही. कपड्यांचे नमुने, कटिंगची चित्रं, वर्षानुवर्षं साठवलेलं सगळं त्यात. नाटकवाल्यांच्या कपड्यांचं काम चालू आहे, तेही त्यातल्याच एका नमुन्यावरून.
ती ओरडली नाही. मशीनवर कव्हर घातलं आणि खिडकीशी जाऊन बसली. ओरडली असती तर बरं झालं असतं.
मेहुणा म्हणाला, खरं काय ते लिहून टाका. मी लिहिलं, घरात व्हायरस शिरला होता.

१८ मार्च
उत्तर आलं. या खेपेला माणसाचं. व्हायरसवर विश्वास बसला नाही. साइटवरच्या जुन्या सभासदाने हमी दिली तरच खातं परत.
मेहुण्याला विचारलं. म्हणाला, भावजी, मला नोकरी टिकवायची आहे. माझ्या नेटवर्कमधली उरलेली तीन खाती म्हणजे मीच.

२० मार्च
बायकोचं खातं सुरू झालं. हमी टाचणीची.
इसम नव्हे. बाई. शिवणकाम शिकवायच्या, आता निवृत्त. बायको कधीपासून त्यांच्या नेटवर्कमध्ये आहे, बाही अडली की त्यांनाच विचारते. म्हटलं, मला का नाही बोललीस? म्हणाली, पहिल्याच दिवशी सांगत होते. तुम्ही ‘इसम, इसम’ करत दुकानात गेलात.
मशीन पुन्हा सुरू झालं.

२१ मार्च
माझंही खातं परत आलं. मी कुणाकडे हमी मागितली नव्हती. बाईंनीच लिहिलंय, सगळ्यांना दिसेल असं: "माणूस तापट आहे, पण लिंका मनापासून ठेवतो. कुणी वाचत नाही म्हणून चिडतो. मी वाचते. असू द्या त्यांना."
दया! माझ्यावर! हा तर पहिल्यापेक्षा मोठा अपमान. सडेतोड उत्तर लिहायला बसलो. सकाळी दुकान उघडलंच नाही. लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. दुपारी "आभारी आहे, बाई" एवढंच टाकलं.
बायकोने विचारलं, बस, एवढंच?
म्हटलं, पुढचं सुचत नाही.