शोभेच्या धोप्याच्या वड्या

कळंब तालुका,
१२ सप्टेंबर २००६

प्रिय भाऊ इंद्रजित यास,

ताईचा मनापासून जयभीम. तुझी कंबर कशी आहे? सुमेधाचा रक्तदाब उतरला का? आम्ही दोघं बरे आहोत. कापूस तेवढा बरा नाही.

कापूस बुडाला तसे गावात साहेब फार पिकू लागले. (त्यांना पाऊस लागत नाही.) मागे एक जोडधंद्याचे साहेब आले. शेतात चिखल होता म्हणून अंगणातच थांबले आणि न्हाणीच्या पाण्यावरचा माझा धोपा (पुण्याकडचे अळू म्हणतात तो) पाहून हरखले. गावाचं भविष्य यातच आहे म्हणाले. आठ दिवसांत त्यांनी शहरातून काळ्या देठाचा, जांभळ्या पानांचा धोपा पाठवला. बंगल्यापुढे शोभेल आणि ताटातही चालेल असा. तुझ्या भाऊजींनी त्याला कापसाच्या पऱ्हाटीपेक्षा जास्त जपलं. पानं सुपाएवढी झाली. मी थोडं शिजवून चाखलं, तर घसा दिवसभर खाजला. तेव्हापासून तो दारापुढे शोभेला आणि न्हाणीवरचा वड्यांना.

गेल्या आठवड्यात साहेब फोटोवाला घेऊन पाहणीला आले. समाजमंदिरात सारं गाव जमवलं. माझ्या वड्या तयार होत्या, पण साहेबांना फोटोत जांभळं पानच पाहिजे होतं. मी म्हटलं, "साहेब, हा धोपा पाह्यासाठी आहे, खायासाठी नाही." ते म्हणाले, पुस्तकात खायचा लिहिला आहे. मग त्याच्याच वड्या केल्या. साहेबांनी (फोटो नीट येईना म्हणून) चार खाल्ल्या आणि भाषणाला उभे राहिले. 'शेतकरी बंधूंनो'पर्यंत आवाज होता. पुढे नुसता हात गळ्यावर.

त्या शांततेत मागून रामधन उभा झाला. गेल्या हंगामात कापसाचा भाव काहून पडला, महागाचं बियाणं उगवलं काहून नाही, सारं त्यानं विचारलं. मग भागीरथाबाई उठली, मग बाकीचे, आपापल्या मागण्या घेऊन. तीन वर्षांत पहिल्यांदा कोणी साहेब ऐकत होते. चिंचेचं पाणी पीत ते मान हलवायचे, आणि सोबतचा बाबू दर वेळी 'मान्य' लिहायचा. शेवटी खाली सहीही झाली, कारण नाही म्हणायला घसा नव्हता.

तुझी ताई,
पंचफुला

ता.क. वड्यांत चिंच घालायची राहून गेली, असं मी सगळ्यांना सांगितलं आहे. तुझ्याशी खोटं कायले बोलू? चिंच हाताशीच होती.

दुसरा ता.क. तो सहीचा कागद वर पोचला. आता सोमवारी वरचे साहेब स्वतः भाषण द्यायला येऊन राह्यले. आमच्या दारचा धोपा संपला. तुझ्या फाटकापाशी कुंड्यांत आहे त्याची दहा-बारा पानं शनिवारच्या एसटीनं पाठव. काळ्या देठाचीच पाठव.