समर्पण न झालेलं पुलपिट

हे लिहायला मी सतरा दिवस टाळाटाळ केली. पहिल्या दिवशी पेन नव्हतं. दुसऱ्या दिवशी पेन मिळालं तर कागद नव्हता. मग खिडकीखाली पाइप बदलणारे दोन प्लंबर इतकं रंगून भांडत होते की तीन दुपारी त्यातच गेल्या. उद्या सकाळी सातला मला ऑपरेशनला नेणार. आता पळायला वाट नाही.

मी, खाली सही करणारा, वय सव्वीस, मूळचा सुतार, नंतर मिळेल ते काम, पायाला चाकं म्हणून चर्चच्या मंडळीत ‘भिंगरी’, सध्या मुक्काम हॉस्पिटलचा चौथा मजला, खाट अकरा, लिहून ठेवतो की माझं डोकं ठिकाणावर आहे. तापलेलं आहे, पण ठिकाणावर आहे. कोणी जबरदस्ती केलेली नाही, गुंगीचं औषध अजून दिलेलं नाही. याआधी मृत्युपत्र केलेलं नाही, त्यामुळे रद्द करायलाही काही नाही.

कलम एक, यकृत. हे खरं तर इथे येत नाही, कारण ते जिवंतपणी देतोय. उद्या माझ्या यकृताचा तुकडा काढून माझ्या वडिलांना, म्हणजे आमच्या चर्चच्या पाळकांना, बसवणार. पप्पा तिसऱ्या मजल्यावर आहेत. आम्ही दोन वर्षं एकमेकांशी बोललेलो नाही. निरोप ताई पोचवते. इथे मी आधी अट घातली होती : ‘बरे झाल्यावर पाळकांनी मंडळीसमोर उभं राहून कबूल करावं की आपण वस्तीचा घात केला.’ ताईने वाचलं आणि म्हणाली, “काय रे, दान देतोयस की सौदा करतोयस? सौदे करणारा एक माणूस घरात पुरे झाला.”

अट खोडली. इतकी खोडली की कागद फाटला. मागून चिकटपट्टी लावली आहे. खाडाखोड माझीच, शेजारी सही आहे. यकृत विनाअट. पण आपण वस्तीचा घात केला हे पप्पांनी एकदा तरी ऐकावं, कोणाच्या तरी तोंडून, ही इच्छा खोडलेली नाही.

कलम दोन, हत्यारं. रंधे, करवती, पटाश्या ताईच्या नवऱ्याला. दाजी, पटाशीने रंगाचे डबे उघडायचे नाहीत, मी वरून बघेन. वर जाईन की नाही हा वेगळा प्रश्न. बँकेतलं किडूकमिडूक ताईला. बूट कोणालाच नकोत, तळ गेलेत.

कलम तीन, पुलपिट. पप्पा ज्यामागे उभे राहून उपदेश करतात ते. सात महिने एका जागी टिकून मी ते केलं, आयुष्यात तेवढाच टिकलो. एक खिळा नाही, सगळे सांधे लाकडाचे. आता नीट वाचा. आमच्या मंडळीचा नियम पप्पांनीच घालून दिलेला : चर्चला दिलेल्या वस्तूवर सगळ्यांसमोर समर्पणाची प्रार्थना झाल्याशिवाय ती चर्चची होत नाही, देणाऱ्याचीच राहते. खुर्ची असो, नाहीतर घड्याळ.

पुलपिटाच्या समर्पणाच्या रविवारी उमेदवार आला. पांढरे बूट, मागे कॅमेरावाला. मतदान सहा दिवसांवर. माझ्या पुलपिटावर पहिला शब्द देवाचा नाही, त्याचा उमटला. चर्चमागची वस्ती म्हणजे घाण, ती हटवून विश्वासणाऱ्यांना मोकळी जागा देईन, म्हणाला. त्या वस्तीतल्या निम्म्या बायका मागच्या बाकांवर बसल्या होत्या. पप्पांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि प्रार्थना केली. ‘देवाने निवडलेला माणूस’ म्हणाले. मी घरी विचारलं, “देवाने निवडलाय तर मतपेट्या कशाला मांडतात, पप्पा?”

“तुला धड शाळा जमली नाही, तू मला देवाचं राज्य शिकवू नकोस.”

“देवाचं नाही, याचं राज्य विचारतोय.”

तो निवडून आला. दोन महिन्यांत बुलडोझर आला. वस्ती गेली, आणि वस्तीला लागून असलेली चर्चची स्वयंपाकाची शेडही गेली, जिथे मावशी रोज दीडशे माणसांना जेवू घालायची. मावशी नात्याची नाही, त्याच वस्तीतली, पण सगळ्यांची मावशी. बुलडोझर दिसताच ती पप्पांकडे धावत आली होती, “पाळकबाबा, एक फोन करा, तुमचं ऐकेल तो.” पप्पा दारातच म्हणाले, “मावशी, चर्चने राजकारणात पडू नये.”

मतदानाआधी पडायचं, मतदानानंतर पडायचं नाही! असली भक्ती मी कुठल्याच गावात पाहिली नाही, आणि गावं मी पुष्कळ पाहिली. त्याच संध्याकाळी मी घर सोडलं.

उमेदवार आला त्या रविवारच्या धांदलीत समर्पणाची प्रार्थना राहिली ती राहिलीच. ‘पुढच्या रविवारी’ म्हणाले होते. म्हणून पुलपिट माझं आहे, आणि मी ते मावशीला देतो. वस्ती मोडल्यावर ती कुठे गेली कोणाला ठाऊक नाही, ताईने शोधावं. दाजींनी सांधे हलक्या हाताने सोडवावेत. त्याच्या फळ्यांचं भाजी चिरायचं लांब टेबल होतं, मी मोजून पाहिलंय. चर्चच्या पंच कमिटीने हरकत घेतली तर त्यांनी प्रार्थनेची तारीख दाखवावी.

कलम चार. मेलो तर अंत्यविधीला भाषण नको. कुठल्याही पक्षाचा हार आला तर गेटवरून परत. गाणी मोठ्याने म्हणा, बेसूर चालेल. पप्पांना प्रार्थना करायची असेल तर करू द्या. डोळे उघडे ठेवून.

वरचं सगळं मी माझ्या हाताने लिहिलं, वाचून पाहिलं, आणि दोघांच्या देखत सही केली. त्या दोघांना यातलं काहीही मिळणार नाही, म्हणून ते खरे साक्षीदार.

सही : भिंगरी (खरं नाव केसपेपरवर)
साक्षीदार १ : दिवसपाळीची नर्स. “शुद्धीवर आहे, जरा जास्तच.”
साक्षीदार २ : खाट बाराचे निवृत्त टपालवाले
स्थळ : चौथा मजला, खिडकीकडची खाट
दिनांक : ऑपरेशनच्या आदला दिवस, मंगळवार, दुपारी चार

ताजा कलम. सही वाळते न वाळते तोच दारात मावशी. दोन वर्षांनी. चर्चच्या फाटकावर पाळकांसाठी आणि यकृत देणाऱ्या मुलासाठी प्रार्थना करा अशी, हॉस्पिटलच्या नावासकट चिठ्ठी लावली आहे, ती वाचून आली म्हणते. मी कागद पुढे केला, तिने हाताने बाजूला सारला.

“तुझं नंतर बघते. आधी तुझ्या बापाशी बोलायचंय. कितव्या खाटेवर आहेत?”

मी सांगितलं : तिसरा मजला, खाट चार. लिफ्टसाठी थांबली नाही. जिन्यावर तिची चप्पल वाजतेय.